बॉयलरला हुकूम कोण देतंय?

पत्र :

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. तीन वर्षांपूर्वी सत्तरच्या दशकात बांधलेलं एक सेमी-डिटॅच्ड घर घेतलं. गॅसचा बॉयलर स्वयंपाकघरात आहे, २००८ साली बसवलेला. गरम पाण्याची टाकी वर एअरिंग कबर्डमध्ये, म्हणजे टाकीच्या उबेवर कपडे सुकवायच्या कपाटात. गेला महिनाभर रात्री अडीच-तीनला बॉयलर आपोआप सुरू होतो. टायमरवर हीटिंग दहाला बंद होतं, थर्मोस्टॅटही मी अगदी खाली आणून ठेवते, तरी पहाटे रेडिएटर तापलेले असतात. उन्हाळ्यातही नुसतं गरम पाणी लावलं तरी रेडिएटर कोमट व्हायचे, पण तेव्हा दुर्लक्ष केलं. हल्ली मी झोपताना भिंतीवरचा स्विचच बंद करते. एकजण येऊन बघून गेला. म्हणाला, म्हातारा झालाय, टाकीसकट काढा, टाकीशिवाय लगेच पाणी तापवणारा कॉम्बी बसवा, साडेतीन हजार पौंड. नवरा तयार आहे, मला पटत नाहीये. सासूबाई कराडहून आल्या आहेत, त्यांची खोली बॉयलरच्या बरोबर वर. सासरे साखर कारखान्यात होते, त्यामुळे बॉयलर म्हटलं की सासूबाईंना धडकी भरते. फुटेल का, असं रोज विचारतात. रात्री त्यांना झोप नाही, सकाळी त्यांचं डोकं जड असतं. काय करावं?

— एक वाचक

उत्तर :

नमस्कार,

सासूबाईंच्या जड डोक्यापासून सुरुवात करतो. पैशांचं आणि नव्या बॉयलरचं नंतर बघू.

झोपमोड, थंडी, बंद खिडक्या, रक्तदाब, परक्या देशातलं एकटेपण. वयस्कर बाईचं डोकं सकाळी जड असायला कारणं पुष्कळ आहेत आणि बहुधा त्यातलंच एखादं असेल. पण जुना गॅस बॉयलर रात्री-बेरात्री चालतो आणि त्याच्या बरोबर वर झोपणाऱ्या माणसाचं डोकं सकाळी दुखतं, या दोन गोष्टी एकाच पत्रात वाचल्यावर मला ‘बहुधा’वर थांबता येत नाही. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. आपल्याकडे थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, कोंदट बाथरूममध्ये गॅस गीझर लावून आंघोळीला गेलेलं माणूस बाहेर येत नाही, त्या बातम्यांमागे हाच वायू असतो.

त्यांना आजच विचारा : मळमळतं का? गरगरतं का? बाहेर फिरून आलं की डोकं हलकं होतं का? घरात बसल्यावर पुन्हा जड होतं का? घरातल्या बाकीच्यांचं काय? बाहेर गेल्यावर बरं वाटणं आणि एकाच वेळी दोघा-तिघांना त्रास होणं या दोन खुणा फार महत्त्वाच्या आहेत. उत्तरं काहीही आली तरी बॉयलर आत्ता बंद करा, खिडक्या उघडा आणि गॅसच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा : ०८०० १११ ९९९. तो चोवीस तास चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत. ‘एवढ्याशा डोकेदुखीसाठी कुठे फोन करायचा’ असा संकोच आपल्या लोकांना फार असतो. तो करू नका, हा क्रमांक अशाच शंकेसाठी आहे. डॉक्टरकडे किंवा सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या, १११ क्रमांकावर बोलतानाही नुसतं ‘डोकं दुखतं’ म्हणू नका. ‘घरात जुना गॅस बॉयलर आहे, कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे’ हे शब्द स्पष्ट उच्चारा. ही लक्षणं फ्लूसारखी दिसतात आणि मोकळ्या हवेत गेल्यावर रक्तातलं प्रमाण उतरत जातं, म्हणून तपासणी लवकर झालेली बरी.

घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर आजच आणा. असेल तर त्याच्या मागे छापलेली मुदत वाचा. हे अलार्म काही वर्षांनी निकामी होतात, आणि बटण दाबल्यावर आवाज आला याचा अर्थ आतला सेन्सर जिवंत आहे असा होत नाही. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात, जिथे असा बॉयलर आहे त्या खोलीत, हा अलार्म लावणं घरमालकावर बंधनकारक आहे. बॉयलरची दरवर्षी तपासणी करून घेण्याची सक्तीही भाड्याच्या घरालाच आहे. तुमचं घर स्वतःचं, म्हणून विचारायला कुणी येत नाही. तुमच्या पत्रात सर्व्हिसिंगचा उल्लेख कुठेच नाही, यावरून ते तीन वर्षांत झालेलं नसावं असं मी धरून चालतो.

आणखी एक. बाहेर जाऊन बॉयलरचा धुराडा कुठे निघतो ते बघा. थंडीत त्यातून पांढरी वाफ येणं साहजिक आहे. पण तो सासूबाईंच्या खिडकीच्या खालीच निघत असेल, तर खिडकी आणि तो यांच्यात किमान ३०० मिलिमीटर अंतर हवं. शंका असेल तर फोटो काढून ठेवा आणि तपासायला येणाऱ्या माणसाला दाखवा.

बॉयलर बंद म्हणजे घर गार आणि पाणी गार, असं होणार नाही. तुमच्याकडे टाकी आहे, हे तुमचं भाग्य समजा. बहुतेक टाक्यांमध्ये विजेचा इमर्शन हीटर असतो आणि त्याचा स्विच एअरिंग कबर्डच्या आसपास वेगळा असतो. तो लावला की टाकी विजेवर तापते. खर्च गॅसपेक्षा जास्त, पण चार दिवसांचा प्रश्न आहे. टाकीचा थर्मोस्टॅट ६० अंशांच्या खाली आणू नका, कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू वाढतो. सासूबाईंच्या खोलीत तेलाचा विजेवर चालणारा रेडिएटर ठेवा. गॅसच्या सिलिंडरवरचा फिरता हीटर मात्र आणू नका.

आता मूळ प्रश्न. गॅसची तपासणी होऊन ‘जळण नीट आहे, धुराडा नीट आहे’ असं कळल्यावरच पुढचं वाचून काही करायला घ्या.

इथला बॉयलर स्वतःच्या मनाने पेटत नाही. तो हुकुमाचा ताबेदार आहे. आपल्या जुन्या घरातल्या बंबात लाकडं आपण घालायचो, संपली की विझायचा, मधे कुणी नसायचं. इथे मधे तीन-चार माणसं बसवल्यासारखी आहेत. टायमर म्हणतो वेळ झाली, थर्मोस्टॅट म्हणतो खोली गार आहे, मग एअरिंग कबर्डमधल्या पाइपवर बसवलेला मोटारीचा व्हॉल्व्ह उघडतो. तो पूर्ण उघडला की त्याच्या आतलं एक नखाएवढं बटण दाबलं जातं, आणि तेव्हा कुठे बॉयलरला ‘पेट’ असा निरोप जातो. म्हणजे बॉयलरला शेवटचा हुकूम देतो तो व्हॉल्व्ह. टायमरने ‘पुरे’ म्हटल्यावर मोटारीची वीज तुटते, स्प्रिंग व्हॉल्व्ह मागे ओढते, बटण सुटतं, बॉयलर विझतो.

दहा-पंधरा वर्षांनी ही स्प्रिंग थकते, व्हॉल्व्हचा दांडा गाळाने जाम होतो किंवा त्या बटणाचे संपर्क चिकटून बसतात. मग टायमर बंद, थर्मोस्टॅट बंद, तरीही बटण दाबलेलंच. बॉयलरच्या लेखी कुणीतरी अजून उष्णता मागतंय.

तुमच्या पत्रातली उन्हाळ्याची ओळ मला इथे सगळ्यात बोलकी वाटली. नुसतं टाकीचं पाणी तापवत असताना रेडिएटर कोमट होत होते, म्हणजे रेडिएटरकडे जाणारा व्हॉल्व्ह तेव्हापासूनच पूर्ण मिटत नव्हता. (काही घरांत दोन वेगळे व्हॉल्व्ह असतात, काहींत दोन्हीकडे वाटणारा एकच तीन तोंडांचा. दोन्ही असेच बिघडतात.) थंडीत रोगाने पुढची पायरी गाठली.

आणि माझा अंदाज असा आहे की अडीचला बॉयलर सुरू होत नाही. तो दहाला बंदच होत नाही. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की आतला थर्मोस्टॅट त्याला विझवतो, पाणी निवलं की पुन्हा पेटवतो. दहापासून हेच चालू असतं. दहा-अकराला टीव्ही, भांडी, बोलणं यांत तो आवाज बुडतो. अडीचला सगळं घर शांत असतं, तेव्हा तो ऐकू येतो. याचा पुरावा तुमचं गॅसचं मीटर देईल. रात्री हीटिंग बंद झाल्यावर आकडा लिहा, सकाळी काही लावायच्या आत पुन्हा लिहा. एक घनमीटर गॅस म्हणजे जवळपास ११ युनिट ऊर्जा. रात्रीत आकडा दोन-तीन घनमीटरने पुढे गेला असेल, तर बिल का वाढलं तेही कळेल.

एखाद्या रविवारी सकाळी असं करा. टायमरवर हीटिंग आणि गरम पाणी दोन्ही बंद करा. वीस मिनिटं थांबा, कारण विझल्यावर आतली उष्णता काढायला पंप काही मिनिटं फिरतो आणि ते रीतसर असतं. त्यानंतरही बॉयलर पेटला, तर टायमरचा दोष कमी आणि व्हॉल्व्हचा जास्त. मग एअरिंग कबर्डमध्ये जा. पाइपवर काडेपेटीहून मोठी, धातूची डबी दिसेल, बाजूला एक छोटी दांडी. व्हॉल्व्ह मिटलेला असेल तर ती दांडी सरकवताना स्प्रिंगचा विरोध जाणवतो. बंद असायला हवा असताना दांडी सैल, लुळी हलत असेल, तर तो उघडाच अडकला आहे. एवढंच बघायचं. डबीचं झाकण उघडायचं नाही. टायमर बंद असला तरी आतल्या एका तारेत २३० व्होल्ट कायम असतात. इथे बरेच हौशी लोक झटका खातात.

ही तपासणी निकामी ठरली तर बाकीच्या शक्यता आहेत. वीज जाऊन आल्यावर टायमरचं घड्याळ बारा तासांनी चुकलेलं असणं. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदललं पण टायमर तसाच राहिला असणं. आधीच्या मालकाने पहाटेचा एक वेळ भरून ठेवलेला असणं. बिनतारी थर्मोस्टॅटची बॅटरी उतरणं, किंवा त्याच्या रिसीव्हरमधला रिले नावाचा स्विच चिकटणं. बॉयलर गॅरेजमध्ये असता तर पाइप गोठू नयेत म्हणून तो स्वतःहून पेटतो असंही म्हटलं असतं. तुमच्या स्वयंपाकघरात एवढी थंडी पडत नसावी. तुमच्या घरी कॉम्बी असता तर पहिला प्रश्न वेगळा विचारला असता : नळाला लगेच गरम पाणी मिळावं म्हणून ते आतलं पाणी अधूनमधून तापवून ठेवतात, रात्रीसुद्धा, आणि ही सोय एका बटणाने बंद करता येते. कॉम्बीवाल्या वाचकांनी आधी ते बटण शोधावं.

रोज रात्री भिंतीवरचा स्विच बंद करण्याबद्दल. तात्पुरतं ठीक आहे, पण बॉयलर पेटलेला असताना एकदम वीज तोडू नका. पंप तिथेच थांबतो, तापलेलं पाणी आत कोंडून राहतं आणि हे रोज झालं तर आतल्या भागांना त्रास होतो. आधी बॉयलरवरचं बटण बंदवर न्या, पंप थांबेपर्यंत पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, मग स्विच. कडक थंडीच्या रात्री स्विच बंद म्हणजे गोठण्यापासूनचं संरक्षणही बंद, हेही लक्षात असू द्या.

आता साडेतीन हजार पौंड. या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. २००६ साली आमच्या लेस्टरच्या घरात असाच प्रकार झाला. जो माणूस आला त्याने वय विचारलं, मान हलवली आणि नवा बॉयलर बसवून दिला. मे महिन्यात, बाहेर उकडत असताना, नवा कोरा बॉयलर रात्री धडधडायला लागला. जुना व्हॉल्व्ह तसाच होता, चुकीचा हुकूम तसाच होता, फक्त तो पाळणारा नवा आला होता. बायकोने तेव्हा दोन वर्षं भारतात जायचे पैसे बाजूला टाकले होते, ते त्यात गेले. ते मला अजून लागतं. त्यानंतर मी ही सगळी व्यवस्था नेटाने शिकून घेतली.

म्हणून सांगतो : ज्याने व्हॉल्व्हकडे न बघता बॉयलरला म्हातारा ठरवलं, त्याचा आकडा बाजूला ठेवा. व्हॉल्व्हचं वरचं डोकं बदलणं हे बहुतेक वेळा शंभर-दोनशे पौंडांच्या आसपासचं, तासा-दोन तासांचं काम आहे. खालचा पितळी भाग जाम असेल तर पाणी काढावं लागतं आणि खर्च थोडा चढतो. पाणी काळं निघालं तर गाळ साठला आहे असं समजा. मग ते धुऊन, गंजरोधक औषध घालून, चुंबकाचा फिल्टर बसवून घ्या, नाहीतर नवा व्हॉल्व्हही त्याच वाटेने जाईल.

तुमचा बॉयलर २००८ चा आहे. इंग्लंडमध्ये एप्रिल २००५ पासून नवा गॅस बॉयलर कंडेन्सिंगच, म्हणजे धुराबरोबर वाया जाणारी उष्णताही वापरणारा, हवा असा नियम आला, त्यामुळे तुमचा बहुधा कंडेन्सिंगच असणार. म्हणजे ‘नवा घेतला की गॅसचं बिल निम्मं होईल’ हे तुमच्या बाबतीत खरं नाही. थोडा फरक पडेल, पण तेवढाच फरक बॉयलरचं पाणी ७५-८० अंशांऐवजी ६० च्या आसपास ठेवूनही पडू शकतो. परतीचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली आलं की कंडेन्सिंग बॉयलर खरा काटकसरीने चालतो. टाकी तापवायला मात्र बॉयलरचं पाणी टाकीच्या ६० अंशांपेक्षा थोडं वर ठेवावं लागतं, हे विसरू नका.

आतला हीट एक्स्चेंजर, म्हणजे ज्योतीची उष्णता पाण्याला देणारा भाग, तडकला असेल, सुटे भाग मिळत नसतील, धुराड्यात किंवा जळणात दोष निघाला असेल, तर मात्र पैशाकडे बघू नका, बदला. आणि बदलायची वेळ आली तरी टाकी काढून टाकायची घाई करू नका, असं माझं ठाम मत आहे. कॉम्बीने कपाटाची जागा मोकळी होते हे खरं. पण टाकी गेली की इमर्शनचा आधार जातो, आणि उद्या हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून घर तापवणारं विजेचं यंत्र, बसवायचा म्हटलं तर टाकी लागतेच. इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीममधून हीट पंपाला ऑक्टोबर २०२३ पासून ७,५०० पौंडांचं अनुदान आहे. नवऱ्याला म्हणावं, साडेतीन हजारांचा निर्णय करण्याआधी हा हिशोबही एकदा मांडून बघ. त्यांची घाई मला समजते. आई घाबरलेली आहे, बायको रोज रात्री उठते आहे, अशा वेळी पैसे टाकून मोकळं व्हावंसं वाटतं. पण पैसे टाकून हा त्रास जाईल याची खात्री आज कुणालाच देता येणार नाही.

माणूस बोलावताना तो ‘गॅस सेफ रजिस्टर’वर नोंदलेला हवा. २००९ पासून ब्रिटनमध्ये हीच अधिकृत नोंदणी आहे. जुने लोक अजून ‘कॉर्गी’ म्हणतात, ती आधीची नोंदणी तेव्हाच संपली. त्याचं ओळखपत्र मागा आणि उलटं करून बघा, मागच्या बाजूला त्याला कोणकोणती कामं करायची परवानगी आहे ते छापलेलं असतं. फोनवर ‘बॉयलर बिघडलाय’ म्हणू नका, नाहीतर तो बॉयलर विकायच्या तयारीनेच येईल. असं सांगा : ‘टायमर आणि थर्मोस्टॅट बंद असताना बॉयलर पेटतो, रेडिएटर तापतात, उन्हाळ्यात नुसत्या गरम पाण्यावरही तापायचे. मोटारीचा व्हॉल्व्ह तपासून हवा आहे, आणि त्याच फेरीत बॉयलरची सर्व्हिस आणि धुराड्यातल्या वायूंचं मोजमाप हवं आहे.’ मोजमापाचा छापील कागद मागून घ्या आणि जपून ठेवा.

राहिला सासूबाईंचा प्रश्न, फुटेल का. त्यांची भीती कुठून आली आहे ते मला दिसतं. कारखान्याचा बॉयलर म्हणजे तीन मजली धूड, गळीत हंगामाआधी त्याचं अग्निप्रदीपन होतं, पूजा होते, आणि आत प्रचंड दाबाखाली खरोखर वाफ असते. त्या घरात राहिलेल्या बाईला त्या शब्दाचा धाक असणारच, तिला हसू नका. त्यांना सांगा की इथल्या या पेटीला नाव तेच असलं तरी तिच्यात पाणी उकळत नाही, वाफ धरत नाहीत, नुसतं कढत पाणी फिरतं. पाणी फाजील तापलं तर एक वेगळा थर्मोस्टॅट ज्योत तोडतो. पुढे काटा असलेला दाबमापक असेल तर तो गार असताना एक ते दीडच्या आसपास असावा, आणि दाब तीन बारवर गेला तर एक झडप आपोआप उघडून पाणी घराबाहेर सोडते. उकळल्यासारखा खदखदण्याचा आवाज आला तर मात्र बंद करून माणूस येईपर्यंत लावू नका.

ती झडप जिथे पाणी सोडते, ती तांब्याची बारीक नळी बाहेरच्या भिंतीतून निघून पुन्हा भिंतीकडे वळवलेली असते. दुपारी ऊन असेल तेव्हा सासूबाईंना बाहेर नेऊन ती दाखवा. तिच्या टोकाला ओल किंवा पांढरट डाग दिसला, तर तेही इंजिनिअरला सांगायच्या गोष्टींत लिहून ठेवा.